तुमची वेबसाइट ऐकून बघा : ॲक्सेसिबिलिटी शिकणाऱ्या नवख्यांसाठी

सांगली-मिरज भागात वेबसाइट बनवायला लागलेल्या मुलामुलींची पहिली कामं साधारण ठरलेली असतात. मार्केट यार्डातला हळदीचा किंवा बेदाण्याचा व्यापारी, एखादी पतसंस्था, मिरजेतला दवाखाना, विश्रामबागेतला क्लास. डिझाइन गिऱ्हाइकाला आवडलं आणि मोबाइलवर नीट दिसलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. पण त्या पतसंस्थेचा एखादा ठेवीदार अंध असतो. दवाखान्यात नंबर लावू पाहणारी बाई कर्णबधिर असते. कडबाकुट्टीत बोटं गेलेला शेतकरी एका अंगठ्याने हळदीचे भाव शोधत असतो. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. वयामुळे नजर मंदावलेले, पण स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे आजी-आजोबा त्याखेरीज.

या सगळ्यांना वापरता येईल अशी, म्हणजेच ॲक्सेसिबल, साइट कशी बनवायची, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. एचटीएमएल आणि सीएसएस थोडंफार येतं असं गृहीत धरलं आहे. मराठी साइटच्या बहुतेक अडचणी मजकूर चित्रात किंवा जुन्या फाँटात अडकल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे खरा मजकूर योग्य टॅगमध्ये बसवणं हे पहिलं काम, बाकी सगळं त्यानंतर.

पहिला टप्पा : माउस बाजूला ठेवा आणि ऐका

नियमांची यादी वाचण्याआधी विंडोजच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून घ्या. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी २००६ मध्ये तो बनवायला घेतला. तो मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं. उच्चार यांत्रिक वाटतात, पण कान लवकर सरावतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबलं की तो सुरू होतो. बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

आता एखादं मराठी पान उघडा. खालचा बाण दाबत गेलात की एकेक ओळ ऐकू येईल. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की बटण, टी दाबलं की टेबल, एफ दाबलं की फॉर्मचा रकाना. सराईत अंध वापरकर्ता पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसत नाही. आपण जशी पानावर नजर फिरवतो तसा तो हेडिंगांवरून उड्या मारत हव्या त्या जागी पोचतो. इन्सर्ट आणि एफ-७ दाबून लिंकांची यादी उघडा. त्यात ‘इथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’, पुन्हा ‘इथे क्लिक करा’ असं ओळीने ऐकू आलं, की लिंकला स्वतःचं नाव का हवं हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘बेदाण्याचे आजचे भाव’ अशी लिंक द्या, तिचा अर्थ एकटीलाही लागतो.

ऐकताना गोंधळ उडत असेल तर एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे. बोललेलं सगळं त्यात लिहूनही दिसतं. सुरुवातीला त्याचा आधार घ्या. मग मात्र स्क्रीन काळी करून तुमच्याच साइटवरून दवाखान्याची वेळ घेऊन दाखवा.

अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम टॉकबॅक करतो. सेटिंगच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात तो असतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. आपल्याकडे बहुतेक लोक साइट फोनवरच बघतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर तपासून थांबू नका.

दुसरा टप्पा : मराठी खरी आहे का ते तपासा

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा टप्पा नसतो, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

गिऱ्हाईक जो मजकूर देतं तो बहुधा छापखान्यासाठी टाइप केलेला असतो. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात भलतंच एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवट्याच्या आतलं वाचतो, त्यामुळे अख्खा वार्षिक अहवाल त्याच्यासाठी निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग होतो. तपासणं सोपं आहे. मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी टिकली तर युनिकोड आहे, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलेलं आहे. नाही टिकली तर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि शेवटपर्यंत वाचून काढा, कारण या बदलात रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास जागा सोडतात.

पीडीएफलाही हीच परीक्षा लावा. नोटीस स्कॅन करून चढवली असेल तर त्यातला एकही शब्द सिलेक्ट होणार नाही. ते निव्वळ चित्र आहे. युनिकोडमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफमधूनसुद्धा मराठी कॉपी केली की काना-मात्रा विस्कटून बाहेर येतात, असा अनुभव वारंवार येतो. म्हणून सर्वसाधारण सभेची नोटीस असो की ठेवींचे व्याजदर, मजकूर पानावरच एचटीएमएलमध्ये टाका. सही-शिक्क्याची पीडीएफ हवीच असेल तर ती खाली जोडा.

टायपिंगच्या काही सवयीही कानाला खटकतात. ‘पत्ता’, ‘वेळ’, ‘विषय’ यांच्यापुढे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकणं ही त्यातली सर्वांत मोठी. दोन्हीचे दोन ठिपके दिसायला सारखे, पण वाचणारं सॉफ्टवेअर विसर्गाला अक्षराचाच भाग मानतं. मथळा उठून दिसावा म्हणून ‘सां ग ली’ असं अक्षरं सुटी करून लिहिलं की एका शब्दाचे तीन तुकडे ऐकू येतात. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही कागदावरची काटकसर. वेबपानावर जागेची टंचाई नाही, तेव्हा ‘तालुका तासगाव, जिल्हा सांगली’ असं पूर्ण लिहा.

डोळ्यांनी वाचणाऱ्या अल्पदृष्टी माणसासाठी सीएसएसमध्ये दोन गोष्टी सांभाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द ओळखू येत नाही. ओळींची उंची मात्र अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्यांत घुसतात. आणि फोनवर दोन बोटांनी झूम करण्याची सोय व्ह्यूपोर्टच्या टॅगमधून बंद केलेली असेल तर ती आधी सुरू करा. ती बंद ठेवण्याचं एकही चांगलं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तिसरा टप्पा : टॅग त्यांच्या कामाला लावा

एचटीएमएल टॅगमध्ये लँग या ॲट्रिब्यूटला मराठीचा ‘एमआर’ हा कोड द्या. टेम्प्लेट बाहेरून घेतलेलं असेल तर तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच राहून गेलेला असतो आणि स्क्रीन रीडर मराठी पान इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. मध्येच इंग्रजी परिच्छेद आला तर तेवढ्याच परिच्छेदाला ईएन लावा.

पानाच्या मुख्य नावाला एच-वन, विभागांना एच-टू, उपविभागांना एच-थ्री. अक्षरं ठळक आणि मोठी केली म्हणून हेडिंग होत नाही. एच दाबणाऱ्याला ते सापडतच नाही. बटणाला बटण टॅगच वापरा. डिव्हला क्लिक जोडून बनवलेलं बटण माउसने चालतं, पण टॅब की त्याच्यापर्यंत पोचत नाही. स्क्रीन रीडरला जादा माहिती पुरवणारी एरिया नावाची जी ॲट्रिब्यूटं असतात त्यांच्यामागे नवख्यांनी लगेच लागू नये. साधा टॅग काम भागवत असेल तर तोच वापरावा, असं एरियाचे नियम बनवणारी संस्थाच सांगते.

मग फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप वापरून पूर्ण साइट फिरा. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे. बरेच जण ती ओंगळ दिसते म्हणून आउटलाइन काढून टाकतात आणि हात थरथरतात म्हणून माउस सोडलेल्या माणसाला पानावर हरवून टाकतात. चौकट आवडत नसेल तर तुमच्या रंगात, जाड आणि ठसठशीत बनवा. मेनू नुसता माउस नेल्यावर उघडत असेल तर तो एंटरनेही उघडू द्या. पॉपअप एस्केपने बंद व्हावा आणि बंद झाल्यावर माणूस होता तिथेच परत यावा. पानाच्या अगदी वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक द्या, म्हणजे दर पानावर तोच मेनू पुन्हा ऐकावा लागत नाही.

चौथा टप्पा : एक पान पूर्ण बनवून बघा

सरावासाठी मी पुराचं पान सुचवतो, कारण सांगलीत त्याची किंमत सगळ्यांना कळते.

पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की नदीकाठच्या सगळ्यांचं लक्ष एका आकड्याकडे लागतं, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. असा आकडा हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या कार्डावर चित्र म्हणून फिरतो. अंध माणसाच्या फोनमधून त्या जागी ‘इमेज’ एवढंच ऐकू येतं. घरातलं सामान आज हलवायचं की उद्या, हे ठरवायला त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट बघावी लागते. दुसरीकडे, गल्लीतून फिरणाऱ्या गाडीवरचा भोंगा कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी लिहिलेलं पान हाच इशारा.

पानावर सर्वांत आधी साध्या वाक्यांत हे लिहा (आकडे नमुन्याचे आहेत) : ‘आज सकाळी ८ वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फूट ६ इंच आहे. पाणी वाढत आहे. इशारा पातळी ४० फूट. धोका पातळी ४५ फूट.’ वाक्यं मुद्दाम तोकडी ठेवली आहेत. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या अनेकांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आणि भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. लांबलचक सरकारी वाक्य त्यांना अडवतं.

त्याखाली टेबल. टेबलाला कॅप्शन द्या, वरच्या ओळीतल्या ‘ठिकाण’, ‘पातळी’, ‘वेळ’ या शीर्षकांना टीएच टॅग आणि स्कोप द्या. मग टेबलात फिरताना स्क्रीन रीडर आकड्यासोबत तो कशाचा आहे हेही सांगतो. रकाने एकमेकांत जोडू नका. रंग जरूर वापरा, पण लाल पट्टीत ‘धोका पातळीच्या वर’ हे शब्दही असू द्या, कारण लाल-हिरव्यातला फरक न ओळखणारी माणसं आहेत. आकडा आपोआप बदलत असेल तर त्या जागेला एरिया-लाइव्ह लावून ‘पोलाइट’ ठेवा, म्हणजे बदल झाल्यावर स्क्रीन रीडर चालू वाक्य पूर्ण करून तो सांगतो. हे एक ठिकाण असं, जिथे एरिया खरोखर लागतं.

सरकती पट्टी घालू नका. सूचना उजवीकडून डावीकडे पळवायची आपल्याकडे फार हौस आहे, पण हळू वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या मजकुराला थांबवण्याचं बटण हवं, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. शिवाय असं नुसत्या मजकुराचं पान, लाइट गेलेली असताना आणि रेंज येऊन-जाऊन असताना, चित्राआधी उघडतं.

पाचवा टप्पा : फोटो, रंग, व्हिडिओ

फोटोच्या ऑल्ट या ॲट्रिब्यूटमध्ये तो फोटो तिथे कशासाठी आहे ते लिहा. ‘फोटो १’ किंवा ‘हळद’ याने काही कळत नाही. विक्रीच्या पानावर ‘राजापुरी हळकुंडं, ५० किलोचं पोतं’ हे उपयोगाचं. कडेला शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे लिहिलेला पण मोकळा. तो अजिबातच गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं लांबलचक नाव वाचत बसतात.

हळदीच्या साइटला पिवळा रंग सगळ्यांनाच हवा असतो, आणि त्यावर पांढरी अक्षरं. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट प्रमाण किमान ४.५ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ला १. गडद हळदी पिवळ्यावर पांढरं लिहिलं की ते दोनच्याही खाली येतं. त्याच पिवळ्यावर काळं लिहिलं की दहाच्या वर जातं. म्हणजे गिऱ्हाइकाचा रंग राखता येतो, अक्षरांचा तेवढा बदला. भर उन्हात मोबाइल बघणारेही वाचू शकतील.

व्हिडिओला मराठी सबटायटल द्या. आपोआप तयार झालेली तशीच सोडू नका. गावांची नावं आणि औषधांची नावं त्यात बिघडतात, आणि दवाखान्याच्या व्हिडिओत औषधाचं नाव चुकणं परवडत नाही.

सहावा टप्पा : फॉर्म

सर्वांत जास्त माणसं इथे अडतात आणि गिऱ्हाइकाचं नुकसानही इथेच होतं.

प्रत्येक रकान्याला लेबल टॅग द्या आणि तो फॉर ॲट्रिब्यूटने रकान्याशी बांधा. रकान्याच्या आतला फिकट प्लेसहोल्डर लेबलची जागा घेऊ शकत नाही, टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. चूक झाली तर नुसती लाल चौकट दाखवून भागत नाही. रकान्याखाली शब्दांत सांगा : ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक लिहिले आहेत.’ आणि आधी भरलेलं सगळं पुसून टाकू नका. एका अंगठ्याने भरलेला फॉर्म पुन्हा भरायला लावणं हा छळ आहे.

मराठी कीबोर्ड वापरणारा माणूस नंबर देवनागरी अंकांत लिहील. तो ‘चुकीचा’ म्हणून परत पाठवू नका, सर्व्हरवर बदलून घ्या, चार ओळींचं काम आहे. बटणं बोटाला सापडतील एवढी करा. २०२३च्या आंतरराष्ट्रीय नियमांत किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलं आहे, मी ४४ धरतो.

वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा अंध माणसाला दारातूनच परत पाठवतो. लहान साइटवर स्पॅम अडवायला डोळ्यांना न दिसणारा, फक्त स्पॅमचं यंत्र भरेल असा सापळा-रकाना बहुधा पुरतो. ओटीपीची मुदत संपली तर नवा मागवायचं बटण शेजारीच ठेवा, आणि रकान्यात पेस्ट करणं बंद करू नका. संपर्काच्या पानावर नुसता ०२३३चा लँडलाइन नंबर असेल तर कर्णबधिर माणूस काय करणार? ईमेल किंवा व्हॉट्सॲपही द्या.

नियम आणि कायदा, थोडक्यात

जगभर ज्या नियमांवर साइट तपासली जाते त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने ते १९९९ मध्ये प्रथम काढले. सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची आहे. ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्या आहेत. तुम्ही एए गाठा.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, आणि सुलभ सेवा देण्याची जबाबदारी सरकारी तसंच खाजगी सेवादात्यांवरही टाकली आहे. डिजिटल सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट पाळता येत नाही, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. ‘एवढं कशाला?’ असं पतसंस्थेच्या संचालकांनी विचारलं तर हा निकाल त्यांना सांगा. केवायसी त्यांनाही करावीच लागते.

कोपऱ्यात निळ्या माणसाचं चिन्ह दाखवणारं, एका ओळीच्या कोडने साइट ‘पूर्ण ॲक्सेसिबल’ करून देतो म्हणणारं विजेट विकत घेऊ नका. चित्रातला मजकूर, नाव नसलेले रकाने, स्कॅन केलेल्या नोटिसा ते दुरुस्त करू शकत नाही. अंध वापरकर्त्याकडे स्वतःचा, सरावाचा स्क्रीन रीडर असतोच आणि कित्येकदा विजेट त्याच्याच आड येतं. तेच पैसे तपासणीला वापरा.

शेवटचा टप्पा : तपासणी आणि साइट सोपवणं

क्रोममधलं लाइटहाउस किंवा वेव्ह हे तपासणीचं साधन चालवा. कॉन्ट्रास्ट, हरवलेली लेबलं, गाळलेले ऑल्ट ते पटकन पकडतात. पण पूर्ण १०० गुण पडले तरी हुरळून जाऊ नका. ऑल्टमध्ये नुसतं ‘फोटो’ लिहिलेलं असलं तरी यंत्राचं समाधान होतं.

त्यानंतर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. त्यांना एखादं काम द्या, ‘मंगळवारची अपॉइंटमेंट घ्या’ किंवा ‘एक वर्षाच्या ठेवीचा व्याजदर शोधा’, आणि गप्प बसून बघा. मध्ये बोलून वाट दाखवू नका, माउसला हात लावू नका. या वेळेचे पैसे द्या आणि ते कोटेशनमध्ये आधीच धरा. डिझायनरचे पैसे आपण धरतो, तसेच हेही.

साइट बिघडते ती बहुतेक वेळा सोपवल्यानंतर. नवी नोटीस टाकायची असते, कार्यालयातले क्लार्क व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जसाच्या तसा चढवतात, आणि दोन महिन्यांत तुमची मेहनत पाण्यात जाते. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून साइटसोबत अर्ध्या पानाची मराठी सूचना द्या : मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, चित्र टाकलं तर त्यातला मजकूर खाली लिहायचा, हेडिंग यादीतून निवडायचं, लिंकला नाव द्यायचं, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम वापरायचा. पहिल्या काही नोटिसा त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच हाताने टाकून घ्या. महिन्याभराने परत जा, एनव्हीडीए लावा आणि नवी पानं त्यांनाही ऐकवा.